हृदयाला छिद्र : मूल ‘सुधारलं’ तरी तपासणी टाळू नका

बाळ दूध पिता पिता थांबतं, कपाळाला घाम फुटतो, वजन वाढत नाही, सारखी छाती भरते. डॉक्टर सांगतात, हृदयाला मोठं छिद्र आहे, ऑपरेशन लागेल. घरचे म्हणतात, एवढंसं लेकरू, थोडं मोठं होऊ द्या. पुढे खोकला कमी होतो, मूल खेळायला लागतं. सगळ्यांना वाटतं, छिद्र आपोआप बुजलं. लहान छिद्रं बुजतातही. मोठ्या छिद्राचं मात्र तसं नसतं.

हृदयाच्या डाव्या बाजूला दाब जास्त असतो. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र असलं की रक्त जोरात उजवीकडे घुसतं आणि फुप्फुसाकडे लोंढाच जातो. तिथल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांना हा मारा सोसत नाही. त्यांच्या भिंती जाड होतात, आतली वाट अरुंद होते. ठिबकच्या नळीत क्षार साचावा तसं. फरक एवढाच, की ठिबक ॲसिड सोडून साफ होतं. या वाहिन्या एका मर्यादेपुढे पूर्ववत होत नाहीत.

वाट अरुंद झाल्याने फुप्फुसात जादा रक्त शिरत नाही, म्हणूनच मूल बरं दिसतं. खरी फसगत इथेच होते.

काही वर्षांनी दाब इतका वाढतो की रक्त उलटं फिरतं आणि अशुद्ध रक्त अंगात मिसळतं. ओठ-नखं निळी पडतात, बोटांची टोकं फुगतात, थोडं चाललं तरी दम लागतो. ऑस्ट्रियाचे डॉक्टर व्हिक्टर आयझेनमेंगर यांनी १८९७ मध्ये असा रुग्ण नोंदवला, म्हणून या आजाराला आयझेनमेंगर सिंड्रोम म्हणतात. आता छिद्र बुजवणंच धोक्याचं, कारण तुंबलेल्या रक्ताला तेवढीच वाट उरलेली असते. औषधांनी त्रास कमी होतो, आजार जात नाही. अशा बाईला बाळंतपण जिवावर बेतू शकतं, म्हणून लग्नाच्या वेळी हे लपवणं फार महागात पडतं.

पडद्यातलं असं मोठं छिद्र साधारण पहिल्या वर्षातच बुजवलेलं बरं. वरच्या कप्प्यांमधल्या छिद्राला बहुतेक वेळा थोडा जास्त अवधी मिळतो. नेमकं काय ते इको तपासणीत कळतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी शाळेत एकदा येतं. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार त्यात मोफत होतात. पथकाने चिठ्ठी दिली असेल तर ती घेऊन जिल्हा रुग्णालय गाठा. ऑपरेशन पूर्वी पुढे ढकललं असेल, तर जुने कागद घेऊन आताच पुन्हा इको करून घ्या.