हळदीचे पिवळे कारनामे

जखमेवर हळद दाबायची असते, हा 'शोध' अमेरिकेत १९९५ साली लागला. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला त्याचं चक्क पेटंट मिळालं. गंमत म्हणजे अर्जावरचे दोन्ही संशोधक भारतीय वंशाचे!

त्याविरुद्ध दंड थोपटले ते आपल्या गिरगावकरानं. डॉ. रघुनाथ माशेलकर जन्मानं गोव्यातल्या माशेलचे, पण वाढले मुंबईत, गिरगावच्या चाळसंस्कृतीत. शाळाही तिथलीच, युनियन हायस्कूल. तेव्हा ते सीएसआयआरचे, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, महासंचालक होते. अडचण एकच. 'आमची आजी लावायची' हा पुरावा अमेरिकी पेटंट कार्यालयात चालत नाही, तिथं छापील कागद लागतो. मग ३२ संदर्भ जमवले गेले. त्यात संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथ होते, काही तर शंभर वर्षांहून जुने. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ चा लेखही कामी आला. १९९७ मध्ये पेटंट रद्द! ही हळदीघाटीची दुसरी लढाई, असं माशेलकर म्हणतात. आणि हो, ती आपण जिंकली.

हळदीतला खरा करामती म्हणजे कर्क्युमिन. पुडीत तो असतो जेमतेम शेकडा तीनच्या आसपास. तो दाह कमी करतो, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यानं जखमेत कोलॅजेन वाढवून ती लवकर भरून आणली. कोलॅजेनचं नाव निघालं की क्रीमवाल्यांचे कान टवकारणारच, कारण ते कमी झालं की चेहऱ्यावर सुरकुत्या. अतिनील किरणांनी उंदरांच्या कातडीवर पडणाऱ्या सुरकुत्या हळदीच्या अर्कानं कमी झाल्या, हे खरं. पण माणसांवरचे अभ्यास अजून तुटपुंजे आहेत. पन्नाशीत विशीचा चेहरा देते म्हणणाऱ्या डबीकडे कौतुकानं बघावं आणि पुढं चालू लागावं.

शिवाय हा कर्क्युमिन भारी हट्टी. पाण्यात विरघळत नाही, खाल्ला तर अंगी लागत नाही. यकृत त्याची झटपट विल्हेवाट लावतं. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ साली सोबत मिऱ्यातलं पायपेरिन दिलं, तर रक्तातलं त्याचं प्रमाण सुमारे २० पट वाढलं.

हळदी समारंभात पांढऱ्या सदऱ्यावर पडलेला डाग साबण लावताच लालभडक होतो ना? घाबरू नका, ती क्षाराची करामत. हळदीत चुना कालवला तरी तोच लाल रंग येतो. सदरा धुऊन कडक उन्हात टाका. कर्क्युमिनला प्रकाश सोसत नाही, डाग फिका पडतो.

मुका मार लागला की उगाळायची ती आंबेहळद मात्र वेगळीच वनस्पती. तिला कैरीचा वास येतो.

एक सावधगिरी: डब्यातली हळद निर्जंतुक नसते आणि ती पिवळीजर्द दिसावी म्हणून तिच्यात लेड क्रोमेटची भेसळही सापडते. खोल जखम असेल तर थेट डॉक्टरकडे.

आणि हळदीच्या क्रीमची परळची गोष्ट कशी विसरायची? केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ साली तिथं विको कंपनी सुरू केली. तिची हळदीची क्रीम औषध की सौंदर्यप्रसाधन, यावरून अबकारी खात्याशी जुंपली आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. सगळी लढाई कराच्या दराची. औषधावर तो कमी होता. निकाल लागला औषधाच्या बाजूनं.