बुध फक्त अर्धा तास भेटतो

शुक्राचा फोटो कोणीही काढतं. बुधाचा काढून दाखवा! मी तीन संध्याकाळी पुण्याची हनुमान टेकडी चढले, तेव्हा कुठे एक ठिपका मिळाला. पहिल्या दिवशी तर लांबच्या विमानाचा दिवा ‘बुध’ म्हणून स्टेटसला टाकला होता. ग्रुपवर अजून माझी खेचतात.

बुध आकाशात सूर्यापासून फार तर २८ अंश लांब जातो. त्यामुळे मध्यरात्री तो कधीच दिसत नाही. मावळतीनंतर पश्चिमेला नाहीतर उगवतीआधी पूर्वेला, बस्स. संध्याकाळी वर्षातून साधारण तीनदा भेटतो, त्यातली एखादी फेरी आपल्याकडे पावसाळी ढगांत जाते. फेब्रुवारी ते एप्रिलमधली मात्र सोडू नका. नेमके दिवस स्टेलॅरियम ॲपवर बघून ठेवा.

सूर्य बुडाल्यावर अर्ध्या तासाने शोधायला लागा. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण १० अंश भरते. बुध तेव्हा क्षितिजापासून जेमतेम एक मूठ वर असतो आणि दर ४ मिनिटांना जवळजवळ १ अंश खाली सरकतो. शेवटचे काही अंश धुरकट हवाच गिळते. ‘ग्रह लुकलुकत नाहीत’ हे शाळेतलं वाक्यही इथे विसरा. इतक्या खाली हवेचा थर जाड, त्यामुळे बुधही लुकलुकतो. शंका आली तर दोन मिनिटं थांबा, विमान असेल तर सरकेल. (मी थांबले नव्हते.) आणि हो, सूर्य पूर्ण बुडेपर्यंत दुर्बीण तिकडे वळवायची नाही.

दुसऱ्या दिवशी बुध मला दिसला, फोनला नाही! ऑटो मोड संधिप्रकाश उगाच उजळवतो आणि ठिपका त्यात बुडतो. फोकसही भिरभिरत राहतो. तिसऱ्या दिवशी लांबच्या टॉवरच्या दिव्यावर बोट दाबून फोकस लॉक केला, स्क्रीनवरचा उजेड खाली ओढला, फोन पाण्याच्या बाटलीला टेकवला आणि ३ सेकंदांचा टायमर लावला. प्रो मोड असेल तर आयएसओ २०० आणि शटर पाव सेकंद इथून सुरुवात करा, अंधारेल तसं वाढवत न्या.

झूम नकोच, नुसता फुटलेला गोळा येतो. त्यापेक्षा एखादं झाड, खालच्या गच्च्या फ्रेममध्ये घ्या. मग तो किती खाली होता ते कळतं.

माझ्या फोटोतला बुध इतका बारीक आहे, की आईने आधी स्क्रीन पुसून बघितली.