इमॅजिकाचे धनी बदलले तेव्हा

नंदुरबार, शहादा वा तळोद्याहून शिर्डीस जाऊन, दर्शन उरकताच तेथील ‘वेट अँड जॉय’च्या घसरगुंड्यांकडे धावणाऱ्या बालगोपाळांस याची वार्ताही नसते की, त्याच उद्यानाच्या धन्यांनी, म्हणजे संगमनेरच्या मालपाणी समूहाने, २०२२ साली खोपोलीनजीकचे ‘इमॅजिका’ हे मनोरंजन उद्यान चालविणाऱ्या कंपनीचे सुमारे ६६ टक्के भागभांडवल घेऊन तिचा कारभार हाती घेतला. मनमोहन शेट्टी यांनी २०१३ साली उघडलेल्या ‘इमॅजिका’चे दुखणे कर्जाचे होते. कारण पाळण्यात दहा माणसे बसोत वा शंभर, वीज, पगार आणि व्याज यांचा तगादा तसूभरही कमी होत नाही, आणि करोनाकाळात तर दरवाजालाच कुलूप लागले. शेवटी सावकार बँकांनी येण्यापैकी मोठ्या रकमेवर पाणी सोडले, तेव्हा कुठे तडजोड झाली.

अशा हस्तांतरानंतर लोक तिकिटाचा दर पाहतात. माझी नजर मात्र ‘इमॅजिका’तील ‘नायट्रो’ या रोलर कोस्टरच्या चाकांकडे जाते. स्विस बनावटीच्या या गाडीत पायांखाली तळ नसतो. रुळाला वरून, बाजूने आणि खालून बिलगणारी चाके तिला उलट्या कोलांटीतही धरून ठेवतात, आणि त्यांवरील पॉलियुरेथेनचे आवरण झिजते म्हणून त्यांची तपासणी व बदल नित्याचा असतो. नव्या मालकास काटकसरीचा मोह होतो तो नेमका अशाच न दिसणाऱ्या खर्चात. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असल्याने तिचा वार्षिक अहवाल सर्वांस खुला आहे. जिज्ञासूंनी त्यातील दुरुस्तीखर्चाचा रकाना अवश्य वाचावा.