जांभळ्याआधीची ग्रंथी

'मढची' म्हटलं की मुंबईत लोक मालाडजवळचं मढ धरून चालतात. माझं मढ जुन्नरचं, माळशेजच्या वाटेवरचं. आमच्याकडे पाणी म्हणजे पिंपळगाव जोग्याचं धरण आणि शंख म्हणजे पावसाळ्यात बांधावर निघणारी गोगलगाय. 'गोगलगाय अन् पोटात पाय' असं आजी आतल्या गाठीच्या माणसाला म्हणायची. गॅस्ट्रोपॉड या ग्रीक नावाचा अर्थही पोट-पायच, हे बी.एस्सी.ला कळलं.

पण बांधावरच्या गोगलगायीला कल्ले नसतात, म्हणून मला हवी ती, जांभळा रंग देणारी ग्रंथीही नसते. त्यासाठी त्या दुसऱ्या मढच्या खडकांवर ओहोटीला जावं लागलं. थैस जातीचा समुद्री शंख फोडून प्रावार उलटला की कल्ला आणि गुदाशय यांच्या मध्ये पिवळट सायीसारखी पट्टी दिसते. हायपोब्रँकियल ग्रंथी ती हीच. एक कण टिपकागदावर चोळून उन्हात धरला. आधी हिरवा झाला, मग निळसर, मग जांभळा. वास मात्र सडक्या लसणाचा.

उरलेली पट्टी सूक्ष्मदर्शकासाठी काप काढायला आधी बोइन्स द्रावणात, मग चढत्या अल्कोहोलमधून, झायलीनमधून साठ अंशांच्या मेणात. पहिल्या ठोकळ्यात घाई केली. मेण आत मुरलंच नाही, पातीखाली काप फाटले. दुसऱ्यातून पाच मायक्रॉनची सलग रिबन निघाली.

भिंगाखाली पेशींचा एकच थर दिसतो, उंच, दाटीने उभा. केंद्रकं तळाशी. काही पेशी गुलाबी दाण्यांनी गच्च, काही श्लेष्म्याने फुगलेल्या, काही रिकाम्या, ओतून मोकळ्या झालेल्या. मधल्या फटींत केसाळ आधारपेशी. जांभळा कुठेच नाही! जो गुलाबी-निळा दिसतो तो कापांना लावलेल्या इओसिन-हिमॅटॉक्सिलिन रंगांचा, आमचा उसना.

कारण ग्रंथीत रंग नसतो, कच्चा माल असतो: समुद्रातल्या ब्रोमीनला धरून ठेवणारं एक रंगहीन संयुग. ग्रंथी चिरडली की विकर त्याला गाठतं. हवा आणि ऊन बाकीचं काम करतात, आणि तयार होतो डायब्रोमोइंडिगो. रोमन सम्राटांच्या झग्यांचा रंग तो हाच. 1909 साली फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने भूमध्य समुद्रातले 12,000 शंख फोडून जेमतेम 1.4 ग्रॅम रंग मिळवला, तेव्हा त्याची रचना कळली.

माझ्या अंगठ्याच्या नखाला लागलेला डाग साबणाने गेला नाही. नख वाढलं तेव्हा कापून टाकला.