युरोपात मोटारीने जाताना आधी तास मोजा

२०१८ च्या मे महिन्यातली गोष्ट. जर्मनीतला ए-५ हा महामार्ग, दुपारचे तीन वाजलेले. गाडी मुलगा चालवत होता, मी शेजारी नकाशा घेऊन बसलो होतो, मागे आमची सौ. आणि सूनबाई पेंगत होत्या. एकाएकी चाकांखालून घर्रर्र असा आवाज आला. रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर मुद्दाम उंचवटे केलेले असतात, त्यावर गाडी चढली होती. मुलाचा क्षणभर डोळा लागला होता आणि वेग होता ताशी १२० किलोमीटर. त्याने गाडी सावरली, पुढच्या विश्रांतीच्या जागी नेऊन उभी केली. त्यानंतर दहा मिनिटं आम्ही चौघंही काही बोललो नाही.

चूक त्याची नव्हती, माझी होती. प्रवास मी आखला होता. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, हाताशी वेळ भरपूर. पॅरिसहून निघायचं, बेल्जियम, हॉलंड, जर्मनी, स्वित्झर्लंड, इटली करत व्हिएन्ना गाठायचं. बारा दिवसांत सात देश. त्या दिवशी आम्ही कोलोनहून ल्युसर्नला निघालो होतो. नकाशावर वीतभर अंतर, प्रत्यक्षात सहाशे किलोमीटरच्या घरात. आपल्याकडे पुण्याहून नागपूरला रस्त्याने निघालेला माणूस वाटेत ‘आणखी दोन ठिकाणं बघून घेऊ’ म्हणत नाही. युरोपचा नकाशा समोर आला की मात्र आपली मती फिरते, कारण देश लहान दिसतात. सौ. नंतर म्हणाली, “अहो, तुम्हाला देश बघायचेत की सरहद्दीवरच्या पाट्या?”

२०२४ मध्ये पुन्हा जायचं ठरलं, तेव्हा मी देश मोजणं सोडलं आणि तास मोजले. एका दिवसात गाडी चार तासांपेक्षा जास्त चालवायची नाही, तीही दोन चालकांत वाटून. एवढा एक नियम धरला आणि बाकीची आखणी त्याच्यामागून आपोआप येत गेली. वाट अशी ठरली : म्युनिक, साल्झबर्ग, स्लोव्हेनियातलं ब्लेडचं तळं, ल्युब्लियाना, व्हेनिस, व्हेरोना, इन्सब्रुक आणि परत म्युनिक. सारा फेरा बाराशे किलोमीटरच्या आसपास, आणि सगळ्यांत लांबचा टप्पा व्हेरोना ते इन्सब्रुक, पावणेतीनशे किलोमीटर. गोल फेरा घेण्यामागे पैशाचंही कारण होतं. भाड्याची गाडी एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडली, तर त्याचा वेगळा आकार पडतो, आणि तो कधी कधी भाड्याच्याही वर जातो. पहिल्या वेळी व्हिएन्नाला आम्ही तो भरला होता.

मुक्काम ठरल्याशिवाय व्हिसाकडे वळू नये. शेंगेन गटात आज २९ देश आहेत आणि पर्यटकाला एकच व्हिसा सगळीकडे चालतो. पण अर्ज कोणाकडे करायचा हे तुमच्या मुक्कामांवर ठरतं. जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे. आमचे जर्मनीत चार आणि ऑस्ट्रियातही चारच मुक्काम होत होते. अशी बरोबरी झाली, की ज्या देशातून आत शिरणार त्याच्याकडे अर्ज करायचा. म्हणून आमचा अर्ज जर्मनीकडे. प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपर्यंत तो करता येतो, आणि किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा सोबत जोडावा लागतो.

व्हिसावर प्रवेश एकच की अनेक, हेही पाहून घ्यावं. एकाच प्रवेशाचा असेल, तर मध्येच बोस्निया किंवा सर्बियात डोकावून परत येता येत नाही. क्रोएशियातल्या डुब्रोव्निकला मोटारीने जाणाऱ्यांची पूर्वी इथेच पंचाईत व्हायची, कारण वाटेत बोस्नियाची चिंचोळी पट्टी ओलांडावी लागे. २०२२ च्या जुलैत पेल्येशात्सचा पूल खुला झाला आणि २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये आला. आता बोस्नियात पाऊल न टाकता तिथे पोचता येतं.

गाडीच्या बाबतीत कागद महत्त्वाचे. आपल्या आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना वर्षभर चालतो, पण मूळ लायसन्स बरोबर लागतंच. क्रेडिट कार्ड चालकाच्याच नावावर हवं. २०१८ मध्ये मी रुबाबात माझं कार्ड पुढे केलं, तर काउंटरवरची बाई म्हणाली, गाडी ज्याच्या नावावर त्याचंच कार्ड द्या. अनामत रक्कम त्या कार्डावर अडकवून ठेवतात, तेव्हा तेवढी मर्यादा शिल्लक असावी. दुसऱ्या चालकाचं नाव करारात घालून घ्यावं आणि कोणकोणत्या देशांत गाडी नेणार तेही आधीच सांगावं. नाहीतर अपघात झाल्यावर विमा हात वर करतो. आपोआप गिअर पडणारी गाडी हवी असेल तर तसं मागावं लागतं, आणि ती महाग पडते. एक गोष्ट कोणी सांगत नाही : चार माणसांच्या चार मोठ्या बॅगा साध्या गाडीच्या डिकीत मावत नाहीत. आम्ही या वेळी दोनच नेल्या.

टोलची तऱ्हा प्रत्येक देशात निराळी. जर्मनीत मोटारींना टोल नाही. इटलीत आपल्यासारखे नाके. ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया आणि स्वित्झर्लंडमध्ये ठरावीक मुदतीचा पास घ्यावा लागतो, त्याला विन्येट म्हणतात. स्वित्झर्लंडमध्ये तो वर्षाचाच मिळतो, ४० फ्रँकचा, मग तुम्ही एक दिवस राहा की महिनाभर. आता हे पास इंटरनेटवर मिळतात, पण ते गाडीच्या नंबरावर निघतात आणि भाड्याच्या गाडीचा नंबर किल्ली हातात येईपर्यंत कळत नाही. म्हणून घरून उत्साहाने काढून ठेवू नयेत. सीमेच्या अलीकडच्या पेट्रोल पंपावर थांबून घ्यावेत. ऑस्ट्रियात पास असला तरी टाउअर्न बोगदा, कारावांकेन बोगदा आणि ब्रेनर घाट यांचा टोल वेगळा द्यावा लागतो.

इटलीत जुन्या गावांच्या वेशीवर तीन अक्षरांची पाटी असते, झेडटीएल. परवाना नसलेल्या गाड्यांना तिथून पुढे बंदी. पोलीस दिसत नाही, कॅमेरा असतो. पहिल्या प्रवासात हॉटेल शोधता शोधता आम्ही एका शहरात अशा पाटीखालून दोनदा गेलो. पाच महिन्यांनी पुण्याच्या पत्त्यावर दोन दंड आले, आणि आमचा पत्ता कळवल्याबद्दल गाडीवाल्या कंपनीने वेगळे पैसे कापले ते निराळेच. या वेळी मुक्काम गावाबाहेर, जिथे गाडी ठेवायला जागा आहे असाच घेतला. व्हेनिसला तर गाडी शहराच्या तोंडाशीच थांबते. आम्ही मेस्त्रेला राहिलो आणि आगगाडीने गेलो.

इंधन भरताना एक धोका आहे. इटलीत ‘बेंझीना’ म्हणजे पेट्रोल आणि ‘गझोलियो’ म्हणजे डिझेल. आपल्या कानाला ‘गझोलियो’ गॅसोलिनसारखं वाटतं आणि माणूस पेट्रोलच्या गाडीत डिझेल ओततो. पंपावर भरून देणारा पोऱ्या बहुधा नसतो, तेव्हा सावध राहायचं ते आपणच.

रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवण्याची सवय एका तासात होते. चूक होते ती सकाळी रिकाम्या रस्त्यावर गाडी बाहेर काढताना, कारण पुढे दुसरी गाडी नसते आणि हात सवयीने डावीकडे वळतो. शेजारी बसलेल्याने अशा वेळी ‘उजवीकडे’ म्हणून ओरडायचं. मी ते काम पंधरा दिवस इमानाने केलं. महामार्गावर वाहनांची कोंडी झाली, तर जर्मनी-ऑस्ट्रियात डावीकडच्या रांगेतल्या गाड्या आणखी डावीकडे आणि बाकीच्या उजवीकडे सरकतात. मध्ये रुग्णवाहिकेला वाट मोकळी राहते. रुग्णवाहिका दिसण्याची वाट कोणी पाहत नाही, वाहनं थांबू लागताच सगळे सरकतात.

खाण्याचं थोडक्यात सांगतो. मेतकूट, भाजणी, चिवडा खुशाल न्या. तूप आणि पेढे मात्र नको, दुधाचे पदार्थ बाहेरून आणायला युरोपीय संघात बंदी आहे. जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी किराणा दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारीच दूध-ब्रेड घेऊन ठेवावा. पासपोर्ट डिकीतल्या बॅगेत ठेवू नयेत. सीमेवर नाके नाहीत असं आपण ऐकलेलं असतं, पण जर्मनीने १६ सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सर्व भूसीमांवर तात्पुरती तपासणी सुरू केली होती.

राहिला पहिला दिवस. मे महिन्यात आपलं घड्याळ जर्मनीच्या साडेतीन तास पुढे असतं. रात्रभर विमानात जागलेला चालक तिथल्या दुपारी पेंगतो, कारण त्याच्या शरीराच्या लेखी संध्याकाळ झालेली असते. २०२४ मध्ये मुलगा म्हणाला, “बाबा, विमानतळावरच गाडी घेऊ, साल्झबर्ग दीड तासावर तर आहे.” मी ए-५ चं नावही काढलं नाही, नुसतं त्याच्याकडे पाहिलं. दोन रात्री म्युनिकमध्ये काढल्या आणि गाडीची किल्ली तिसऱ्या दिवशी सकाळी घेतली. पहिला तास सूनबाईंनी चालवली.