उतारावरचा मठ

मठाची ओवरी म्हणजे संन्याशांनी वाचत, मनन करत फेऱ्या घालायची जागा. ती सपाट असायला हवी. दक्षिण फ्रान्समधल्या ल तोरोने मठाच्या ओवरीत मात्र चालता चालता पायऱ्या लागतात. चर्चला टेकलेली दक्षिणेची बाजू उंचावर, उत्तरेची बरीच खाली. मधलं अंगणही काटकोनी नाही, तिरकं आहे. १२व्या शतकातल्या सिस्टर्शियन पंथाच्या संन्याशांना मिळालेली जागा खडकाळ आणि उतरती होती. ती त्यांनी भर घालून सपाट केली नाही. इमारतच उतारावरून खाली नेली. पाणी खालच्या अंगाला, म्हणून हात धुण्याचा षट्कोनी मंडपही तिकडेच.

ओवरीच्या भिंतीतल्या कमानीत हात घातला की जाडी कळते. खांद्यापर्यंत हात आत जातो, तरी पलीकडची कड लागत नाही. अशा भिंतीत जोडकमानी, मधे एकच ठेंगणा खांब आणि वर एक गोल झरोका. दगड आसपासचाच, चुनखडीचा, कठीण. नाजूक कोरीवकामाला तो तसाही सहज वळला नसता, आणि पंथाच्या नियमाला कोरीवकाम नकोच होतं. त्यामुळे पाथरवटांचं सगळं कसब चिरे घडवण्यात उतरलं. सांधे इतके बारीक की कित्येक ठिकाणी नखही शिरत नाही. जवळून पाहिलं तर टाकीचे घाव दिसतात, आणि तिरप्या उन्हात तेवढीच काय ती नक्षी! मला ती पुरेशी वाटते.

चर्चला मधोमध दरवाजा नाही, दोन्ही बाजूंना लहान दारं आहेत. गावकऱ्यांना थाटात आत घ्यावं, असा बेत इथे नव्हताच. आत बोगद्यासारखं लांब दगडी छत आहे, माथ्याशी किंचित टोकदार. पडदा नाही, चित्र नाही. आवाज शोषून घेईल असं काहीच नाही. एक सूर लावला तर तो कितीतरी वेळ घुमत राहतो आणि पुढचा सूर त्यावर चढतो. इथे घाईने गाणाऱ्याचा गोंधळच होणार. समूहाने, सावकाश, एकमेकांचं ऐकत गायलं तरच शब्द सुटे ऐकू येतात. शिस्त लावायला वेगळा गुरू कशाला हवा?

आधुनिक वास्तुकार ल कार्बुझिए १९५३मध्ये हा मठ पाहायला आला होता. पुढे ला तुरेतचा मठ त्याने काँक्रीटमध्ये बांधला, तोही उतारावरच.

ल तोरोनेच्या उताराशी कारागिरांनी जुळवून घेतलं होतं. विसाव्या शतकात मात्र आसपास बॉक्साइटच्या खाणी चालल्या, सुरुंगांचे हादरे बसले, जमीन सरकली आणि नख न शिरणाऱ्या सांध्यांच्या या बांधकामाला तडे गेले. त्यानंतरची बरीच दुरुस्ती ते तडे आवरण्याचीच आहे.