पद्मिनी मोटारीचें इंजिन व उसाचें इथेनॉल

वरसाव्याच्या खाडीपुलाशीं भर वैशाखांत वाहनांची रांग लागली, कीं जुन्या पद्मिनी मोटारीची परीक्षा होत असे. चालत्या गाडीस वारा मिळे. उभ्या गाडींत पेट्रोलाची वाफ होऊन पुरवठा तुटे, आणि चालक इंधनाच्या पंपावर ओलें फडकें घालून वाट पाहत बसे.

एवढा दोष सोडल्यास कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याचें हें इंजिन विश्वासाचें होतें. मूळ घडण इटलीच्या फियाटची. सिलिंडर चार, व्यास ६८ मिलिमीटर, दट्ट्याची धाव ७५, एकूण आकारमान १०८९ घनसेंटिमीटर, जोर सुमारें ४० अश्वशक्तींचा. आंकडे लहान खरे, पण गुंतागुंतहि थोडी. खेड्यांतला मिस्त्रीहि तें उघडून जोडीत असे. मुंबईच्या टॅक्सींतून ही गाडी २०२३ सालीं निवृत्त झाली.

आतां प्रश्न निराळा आहे. २०२५ सालीं पेट्रोलांतील इथेनॉलाचें प्रमाण २० टक्क्यांवर पोहोंचलें. तें ऊस, मका इत्यादि आपल्याच पिकांचें. त्यांतील शेतकऱ्याचें हित आम्ही नाकारीत नाहीं. परंतु जुनें रबर त्यानें फुगतें व चिरतें, शिवाय तें हवेंतील ओल शोषितें. जुनी गाडी बाळगणारांनीं पंपाचा पडदा व नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालाव्या, आणि पावसाळाभर गाडी उभी राहणार असल्यास कार्बोरेटर रिकामा करून ठेवावा.